पंपाचं सील

खापा,
३ फेब्रुवारी १९७९

चि. किसना,

अनेक आशीर्वाद. सत्यवतीची आणि दोन्ही पोरींची खुशाली नंतर विचारते, आज भांडायला बसले आहे.

तू माझ्या गळ्यात मारलेलं इंजिन परवा दुपारी बंद पडलं. मागच्या मे महिन्यात तूच म्हणाला होतास ना, “ताई, डोळे मिटून वसुधारा घे, दहा वर्षं बोट लावायचं काम नाही”? नऊ महिने झाले. आणि बोट लावायचं काम नाही म्हणजे बोट लावूच देणार नाहीत, हे आता कळलं.

तुला नट-बोल्टांपलीकडचं काही कळत नाही, म्हणून सांगते. संत्र्याच्या झाडांना डिसेंबरात पाणी तोडून तहानलेलं ठेवतात. संक्रांतीला पाणी दिलं की झाड फुलावर येतं. आता झाडं फुलली आहेत. या वीस-पंचवीस दिवसांत पाणी चुकलं तर फूल गळून जातं आणि वर्षभर झाडाकडे नुसतं बघत बसायचं. सतरा ओळी, तीनशे सहा झाडं. सात वर्षांपूर्वी खड्डे मी मोजून घेतले होते. हा पहिला बहार आहे रे. हे गडचिरोलीला नोकरीवर, होळीशिवाय यायचे नाहीत. घरी मी आणि सासूबाई. विजेचे खांब अजून नदीच्या अलीकडे आलेलेच नाहीत.

बस स्टँडजवळ लहानूचं दुकान आहे. सायकलीपासून इंजिनापर्यंत सगळं दुरुस्त करतो, कुठं शिकला नाही, पण गावातली निम्मी इंजिनं त्याच्याच हातावर चालतात. त्याला बोलावलं. कान लावून ऐकलं आणि म्हणाला, “ताई, इंजिनातला छोटा पंप डिझेल वर फेकूनच नाही राहिला. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण यावर कंपनीचं सील असते. मी खोललं तं उद्या तुमचा भाऊच मले धरन.”

म्हणून तुला लिहिते. तुमच्या एजन्सीला दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. सील जसंच्या तसं आहे, त्याची काळजी करू नकोस. माणूस पाठव, लवकर पाठव.

तुझी,
पुष्पाताई


नंदनवन, नागपूर,
६ फेब्रुवारी १९७९

ती. पुष्पाताई,

नमस्कार. तुझं पत्र आज डब्यासोबत वर्कशॉपात आलं. सत्यवतीनं पाकीट घरी न उघडताच इकडे पाठवलं, इतकी तिला तुझ्या रागाची भीती.

कार्डं मिळाली आहेत. तुझं नाव यादीत तेविसावं आहे. चार तालुक्यांना मिळून आमचा एकच फिरता मेकॅनिक, देवराव. तो सध्या काटोलकडे आहे. मी शेठजींना म्हटलं, माझी सख्खी बहीण आहे. ओमप्रकाशजी म्हणाले, “कृष्णकांत, सब की बहनें हैं.” तरी मी खटपट करून तुला नवव्या नंबरावर आणलं आहे. बारा तारखेपर्यंत देवराव खाप्याला येईल.

मी स्वतः आलो असतो, पण मी वर्कशॉपचा प्रमुख, मला बाहेरच्या कामावर जायची परवानगी नाही.

तोवर एक गोष्ट हात जोडून सांगतो. त्या पंपाला कोणाला हात लावू देऊ नकोस. पितळी तारेत ओवलेली ती शिशाची गोळी दिसायला चिंचोक्याएवढी आहे, पण तीच तुझी गॅरंटी आहे. ती तुटलेली दिसली की त्या इंजिनाचा नंबर काळ्या यादीत जातो. मग दुरुस्ती तर सोडच, त्या इंजिनाला कंपनीचा एक साधा वायसरही आयुष्यात मिळत नाही. बाहेरच्या मिस्त्रीला आमचा भाग विकायचा नाही, माप सांगायचं नाही, पुस्तक दाखवायचं नाही, असं लिहिलेल्या कागदावर मी अकरा वर्षांपूर्वी सही केली आहे. पुस्तक शेठजींच्या कपाटात कुलपात असतं. बदललेले जुने भाग हातोडीनं चेचून कंपनीला परत पाठवतात, बाहेर कोणी वापरू नये म्हणून.

सील शाबूत आहे हे वाचून जिवात जीव आला. धीर धर.

तुझा,
कृष्णकांत


खापा,
१३ फेब्रुवारी १९७९

चि. किसना,

आशीर्वाद. बारा तारीख आली आणि गेली. तुझा देवराव आला नाही.

रोज सकाळी बागेत गेलं की पायाखाली फुलं लागतात. वास इतका गोड असतो की रडू येतं. चार बाया लावून विहिरीतून बादल्यांनी पाणी शेंदते आहे. दिवसभरात बारा-पंधरा झाडांची मुळं ओली होतात, तोवर आधीची वाळतात. जुनी मोट माळ्यावर आहे, पण मोटेवर चालणारी बैलजोडी आता गावात कोणाकडे उरली आहे?

आता जे सांगायचं ते सांगते. आधीच सांगायला हवं होतं. सील नाही. दसऱ्यापासून नाही.

दसऱ्याला घरातली विळे-पावशी, नांगर, सगळं धुऊन पुजतात, तुला ठाऊकच आहे. इंजिनाची ती पहिलीच पूजा. सासूबाईंनी ते राखेनं घासून आरशासारखं केलं. नवी वस्तू देवापुढे ठेवायची तर दुकानदाराची खूण तिच्यावर राहू द्यायची नाही, हा त्यांचा नेम. साडीचं लेबल काढतात, पातेल्यावरचा कागद खरवडतात. त्यांना ती शिशाची गोळी तसलीच वाटली. अडकित्त्यानं तार कापली, गोळी विहिरीत टाकली आणि त्या जागी झेंडूचा हार घातला. मी पोचले तेव्हा आरती चालली होती. तुला कळवलं नाही, कारण तू चिडशील, आणि इंजिन बंद पडेल असं स्वप्नातही नव्हतं. मागच्या पत्रात खोटं लिहिलं, कारण सील नाही म्हटलं असतं तर तू माणूसच पाठवला नसतास. पाठवला असतास का, सांग.

आता देवराव आला तरी पंचाईत आणि नाही आला तरी पंचाईत. लहानू खोलायला तयार आहे. पण या पंपाच्या आतलं माप त्यानं कधी पाहिलेलं नाही. तुमच्या त्या कुलपातल्या पुस्तकातली एक-दोन पानं उतरून पाठव. पाया पडत नाही, थोरली आहे. पण पाठव.

पुष्पाताई


नंदनवन, नागपूर,
१५ फेब्रुवारी १९७९

ताई,

तू मला खोटं लिहिलंस. मी त्या एका वाक्यावर शेठजींपुढे शब्द टाकला, चौदा जणांना मागे सारून तुझं नाव वर आणलं. आता देवराव एकोणीसच्या पुढे कधीही येईल आणि पहिलं काम म्हणून सील पाहील.

अडकित्त्याची गोष्ट तू छान रचली आहेस. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण मी त्या धंद्यात आहे. तार कोणी तोडली ते मला इथे बसून दिसतं. त्या लहानूनं सील तोडून पंप उघडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि आता बिचाऱ्या तुझ्या सासूबाईंना, बायजाबाई मावशींना पुढे केलं आहे. असले मिस्त्री मी अकरा वर्षं पाहतो आहे. एका इंजिनातला चांगला भाग काढतात आणि दुसऱ्याला विकतात. तो चोर माणूस आहे. त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस.

पुस्तकातली पानं मागू नकोस. मागच्या साली एका फिटरनं ओळखीच्या शेतकऱ्याला एक नोझल दिलं. त्याच दिवशी घरी गेला, आणि नागपुरातल्या एकाही एजन्सीनं त्याला परत उभं केलं नाही. मला दोन पोरी आहेत, ताई.

एक करता येईल. सील दाबायचा चिमटा माझ्या ताब्यात असतो. पुढच्या रविवारी मी तो पिशवीत घालून येतो आणि नवं सील लावून देतो. पाच मिनिटांचं काम. मग देवरावला काही दिसणार नाही, तो रीतसर पंप खोलेल. तोवर गप्प राहा, देवराव त्याआधी आला तर त्याला रविवारनंतर ये म्हण.

हे पत्र वाचून फाडून टाक.

कृष्णकांत


खापा,
१८ फेब्रुवारी १९७९

किसना,

तुझं पत्र फाडायला उशीर झाला. काय झालं ते ऐक.

आमच्या घरी पत्र आलं की ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचं, ही सासूबाईंची रीत आहे. त्यांना वाचता येत नाही. सुनेनं आधी मनात वाचलं की ती काहीतरी लपवते, असं त्यांना वाटतं. काल पोस्टमन आला तेव्हा लहानूही ओट्यावरच चहा पीत होता. नागपूरहून माप आलं का, हे विचारायलाच आला होता. मी वाचत गेले. थांबावं असं वाटलं तोवर तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला होता. चोर. माझ्याच आवाजात.

लहानूनं कप खाली ठेवला. “येतो ताई,” म्हणाला आणि गेला. हत्यारांची पिशवी इंजिनापाशी पडली होती, तीही त्यानं उचलली.

सासूबाई संध्याकाळी जेवल्या नाहीत. आज सकाळी उठून काठी घेतली आणि एकट्या लहानूच्या वस्तीत गेल्या. लग्न होऊन पन्नास वर्षं झाली, त्या गल्लीत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मी मागून धावत गेले. त्या त्याच्या दारात उभ्या राहून सगळ्यांदेखत म्हणाल्या, “बापू, ते सील म्या तोडलं. अडकित्त्यानं तोडलं. मले काय मालूम, तेवढ्याशा गोळीत कंपनीचा जीव आहे? तुह्यावर आळ आला, तो माह्या पापाचा.”

लहानूच्या आईनं, प्रयागबाईनं, त्यांना खाट दिली. त्या बसल्या. पाणी प्यायल्या. सगळी गल्ली बघत होती.

मग लहानू माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, मी खोलाले तयार आहो. पण आतलं माप चुकलं तं पंप कायमचा जाईल, मंग मी खरंच चोर. तुमच्या भावाले म्हणा, मले काय म्हणायचं ते म्हण, पण माप सांग.”

आता माझं ऐक. सील लावायला तुला रविवारी येता येतं, मग पंप दुरुस्त करायला का येता येत नाही? खोटं सील लावायला तुझा हात कापत नाही, आणि खरं माप सांगायला कापतो? सीलमधून पाणी येत नाही, किसना. निम्मी फुलं जमिनीवर आहेत. उरलेली आठवडाभर टिकतील, त्यापुढे नाही.

हे पत्र नागपूरच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे.

पुष्पा


नंदनवन, नागपूर,
१९ फेब्रुवारी १९७९

श्री. लहानूभाऊ यांस, पुष्पाताईंमार्फत.

तुमची-माझी भेट नाही. तरी मी तुम्हाला चोर लिहिलं. तुमच्याविषयी काही माहीत नव्हतं, फक्त सील तुटलेलं होतं, तेवढ्यावरून लिहिलं. चुकलं. ताई, हे मोठ्यानं वाच, मावशींना ऐकू येईल असं वाच. त्यांच्यावर अविश्वास दाखवला त्याची लाज वाटते.

शेठजी उद्या मला आठ दिवसांसाठी यवतमाळच्या शाखेतल्या वर्कशॉपात पाठवत आहेत. रविवारी मी येऊ शकत नाही आणि झाडं रविवारपर्यंत थांबणार नाहीत. म्हणून लिहितो. पुस्तक कुलपात आहे, पण अकरा वर्षांत ते हातात उतरलं आहे.

डिझेलची तोटी बंद करा. पंपाभोवतीची माती आधी रॉकेलनं धुवा, पाणी वापरू नका. वरची नळी काढा. पंपाच्या डोक्यावरचा मोठा नट सोडवला की त्याखाली एक बारीक स्प्रिंग आणि एक व्हॉल्व्ह आहे. स्प्रिंग मोडलेली असेल. खोलायच्या आधीच सांगतो, कारण या लॉटमधले नऊ पंप याच कारणानं माझ्याकडे आले आहेत. कंपनीला हे ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला सांगायचं नाही असा हुकूम आहे.

व्हॉल्व्ह स्वच्छ डिझेलमध्ये धुवा. फडक्यानं पुसू नका, एक धागा राहिला तरी अडकतो. थाळीत ठेवा, जमिनीवर नको.

आता माप. स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह बसवायच्या आधी तोटी उघडा. पंपाच्या तोंडातून डिझेल आपोआप वाहू लागेल. फ्लायव्हील दोन्ही हातांनी अगदी सावकाश फिरवा. वाहणं ज्या क्षणी थांबेल तिथं फ्लायव्हील धरा. चाकाच्या कडेवर छिन्नीची एक रेघ आहे, ती त्या क्षणी वरच्या खुणेसमोर यायला हवी. रेघ तुम्हाला दिसणार नाही. कंपनी तिच्यावर मुद्दाम हिरवा रंग फासते. चावीच्या खाचेपासून चार बोटं डावीकडे खरवडा, सापडेल. रेघ जुळली नाही तर पंपाखाली पत्र्याच्या पातळ चकत्या आहेत. एक काढली की वेळ अलीकडे येते, घातली की पलीकडे जाते. यापलीकडे गुपित असं काही नाही. एवढ्यासाठीच सील असतं.

सोबत कागदात गुंडाळलेली स्प्रिंग आहे. जुन्या पंपातली आहे, पण चांगली आहे. चेचायच्या डब्यातून काढली. कोणाला विचारलं नाही.

आपला,
कृष्णकांत


खापा,
२६ फेब्रुवारी १९७९

किसना,

तू यवतमाळहून परत येशील तेव्हा हे हातात पडेल. बसून वाच.

बावीस तारखेला लहानूनं पंप खोलला. स्प्रिंग मोडलेली होती, तू म्हणालास तशीच, दोन तुकडे. तुझं पत्र त्यानं इंजिनाच्या ओट्यावर दगडाखाली ठेवलं होतं आणि ओळीवर बोट ठेवून काम करत होता. रंग खरवडून रेघ सापडली तेव्हा लहान पोरासारखा हसला. “ताई, मी दहा वर्षं अंदाजानं लावत होतो गा, आन् हे इथं लिहून ठेवलेलं आहे!” तुझी स्प्रिंग थाळीत होती, बसवायचीच बाकी होती. त्याच वेळी बांधावरून देवराव आला.

एवढे दिवस वाट पाहायला लावली आणि आला तो नेमका तेव्हा. थाळीतली स्प्रिंग उचलून म्हणाला, “ही तं आमच्या कंपनीची आहे. कुठून आली?” लहानू शांतपणे म्हणाला, “मले भेटली.” एवढंच. आणि तुझं पत्र दगडाखालून काढून त्यानं हत्यारांच्या पिशवीखाली सरकवलं. देवरावनं स्प्रिंग परत थाळीत टाकली, पाणीही घेतलं नाही, तसाच गेला.

इंजिन दुपारी एकला सुरू झालं. सासूबाईंनी ओट्यावरून हात जोडले. चोवीस तारखेपर्यंत नऊ ओळी भिजल्या. त्या झाडांवर हिरवे मणी धरले आहेत, मोहरीएवढे. मी हात लावून पाहिले.

काल पंचवीस तारखेला शिपाई आला. तुमच्या एजन्सीनं लहानूवर कंपनीचा भाग चोरल्याची फिर्याद दिली आहे. पुरावा म्हणून पंपच सोडवून पोत्यात घालून ठाण्यात नेला. लहानूला काल बसवून ठेवलं, संध्याकाळी सोडलं, आज परत बोलावलं आहे. स्प्रिंग कुठून आली, विचारतात. तो म्हणतो, मले भेटली. ठाण्यात बसलेला मिस्त्री म्हटल्यावर उद्या त्याच्या दुकानी सायकल तरी कोण देईल?

मी तुझं पत्र ठाण्यात दाखवायला निघाले होते. त्यानं ते माझ्या हातातून घेतलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. म्हणाला, “याच्यात तेचं नाव आहे, ताई. तेची नोकरी जाईल. दोन पोरी आहेत तेले.”

दहाव्या ओळीपासून पुढच्या आठ ओळी कोरड्या आहेत. पंप सुटला तर त्या वाचतील, नाही तर पुढल्या चार दिवसांत तिथं फक्त पानं राहतील. आणि पंप तेव्हाच सुटेल जेव्हा स्प्रिंग कोणी दिली ते कळेल.

तू काय करावंस हे मी सांगणार नाही. झाडं माझी आहेत आणि तूही माझा आहेस. तुला सांग म्हटलं तर मी तुझ्या पोरींचं ताट ओढते, गप्प राहा म्हटलं तर त्या माणसाचं. तूच बघ.

पुष्पाताई


पोलीस ठाणे, बाहेरचं बाक,
२८ फेब्रुवारी १९७९, दुपारी दोन

ताई,

काल संध्याकाळी घरी पोचलो आणि तुझं पत्र वाचलं. सत्यवतीला मी काहीच सांगितलं नाही, ती पोरींची वेणी घालत होती. सकाळी उठून आधी एजन्सीत गेलो.

ओमप्रकाशजींना सगळं कळलेलं होतं. देवरावनं माझं अक्षर लांबूनही ओळखलं होतं. शेठजी रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. चहा मागवला. एक टाइप केलेला कागद पुढे सरकवून म्हणाले, “कृष्णकांत, इसमें तुम्हारा नाम कहाँ है? इतना लिख दो कि स्प्रिंग गोदाम से गायब थी. बाकी वो मिस्त्री जाने.”

मी पेन हातात घेतलं, ताई. हे तुझ्यापासून लपवायचं नाही. टोपणही काढलं. एका सहीत नोकरी राहत होती, पोरींची शाळा राहत होती. माझ्या डोळ्यांसमोर झाडं आली नाहीत, खोटं कशाला सांगू. मी ज्याला चोर लिहिलं होतं आणि ज्यानं ते ऐकूनही माझं नाव खिशात ठेवलं, त्याला आता सहीशिक्क्यानं चोर लिहायचं होतं. ते जमलं नाही. टोपण लावलं आणि बस पकडली.

ठाण्यात लहानूभाऊ भिंतीला टेकून बसले होते. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. मी फौजदारांना म्हणालो, स्प्रिंग मी दिली. फौजदारांनी त्यांना विचारलं, “यायले ओळखतो का?” लहानूभाऊंनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मी कोण ते त्यांना तेवढ्यात कळलं, हे मला दिसलं. तरी म्हणाले, “नाही साहेब. मी याले कधी पायलं नाही.” ते खरंच होतं. मग मी माझं नाव सांगितलं आणि म्हटलं, “भाऊ, ते पत्र द्या आता.” त्यांनी खिशावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

फौजदारांनी पत्र वाचलं, मला समोर चार ओळी लिहायला लावून अक्षर ताडून पाहिलं. मग फिर्यादीसाठी येऊन बसलेल्या एजन्सीच्या माणसाला विचारलं, “इंजिन कोनाचं?” तो म्हणाला, बाईचं. “पंप कोनाचा?” बाईचा. “मंग बाईनं आपला पंप खोलला, त्यात गुन्हा कोनता?” तो सीलचा नियम सांगू लागला. फौजदार म्हणाले, “तो तुमच्या कंपनीचा नियम आहे, माह्या पुस्तकात नाही. खोलू नये असा कायदा नाही.” आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “खोलू द्यावं असाही नाही, म्हणून तुम्ही असे फसता.”

लहानूभाऊंना सोडलं आहे. पंप तुझ्या नावावर परत दिला, पोचपावतीवर लहानूभाऊंनी सही केली.

मला मात्र थांबावं लागेल. डब्यातली का असेना, स्प्रिंग मालकाची होती आणि मी न विचारता घेतली. शेठजी संध्याकाळी वकील घेऊन येणार आहेत. काय होईल ते फौजदारांनाही सांगता येत नाही. नोकरी गेली, एवढं नक्की आहे. जबाबात मी त्या नऊ पंपांचे नंबर आणि मालकांची गावं लिहून दिली, नववा तुमच्याच तालुक्यातला आहे. लहानूभाऊ म्हणतात, तिथं स्प्रिंगचं सांगायला ते स्वतः जातील. यवतमाळ-काटोलच्या लोकांना कार्डं मी टाकीन, घरी गेलो की.

सत्यवतीला तूच सांग. माझ्यानं होणार नाही. पण ते उद्या सांग.

हे पत्र घेऊन लहानूभाऊ तीनच्या बसनं निघत आहेत. पंप त्यांच्या पिशवीत आहे, रेघेचं माप त्यांना आता माझ्याइतकंच येतं. तू ठाण्याकडे यायला निघशील, मला ठाऊक आहे. येऊ नकोस. अजून चार तास उजेड आहे. दहाव्या ओळीला पाणी लाव.

तुझा,
किसना